गुलाबी दप्तर

बेसबॉलमध्ये राखीव पिचरांच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांच्या, बाकाचा एक नियम आहे, आणि तो मोडणारा एकच माणूस मला माहीत आहे. बाकावर जो सगळ्यात नवा, त्यानं खाऊचं दप्तर वाहायचं. दप्तर लहान मुलीचंच हवं. गुलाबी असेल तर उत्तम, वर शिंगवाला घोडा असेल तर दुधात साखर. त्यात च्युइंगगम, सूर्यफुलाच्या बिया आणि गोळ्या भरायच्या आणि प्रेक्षकांसमोरून अख्खं मैदान ओलांडायचं.

आयोवातल्या कॉलेजातून निघालो तेव्हा मी हिरो होतो. गावच्या न्हाव्यानं माझा फोटो आरशाशेजारी लावला होता. पहिल्याच टीममध्ये खांद्यावर दप्तर आलं आणि सगळी हवा गेली. मोठ्या लीगखाली छोट्या लीगच्या चार पायऱ्या. एक चढलो की तिथे मीच नवा, म्हणजे पुन्हा दप्तर. बेडूक, परी, मांजर, सगळी वाहिली. त्यातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर, बेलफोर्डला, दप्तर उतरलं ते उतरलंच. सहा वर्षं खांदा मोकळा. पोरं मला आजोबा म्हणायला लागली आणि मी त्यांना मनसोक्त छळायला लागलो.

त्या उन्हाळ्यात दप्तर टोबिनकडे होतं.

"टोब्या, लिंबाच्या गोळ्या कुठायत?"

"संपल्या, आजोबा. काल तुम्हीच फस्त केल्यात."

"मग आणायच्या कुणी? तुझ्या आईनं?"

"नवा कोणी येऊ दे, हे दप्तर त्याच्या गळ्यात मारतो. मग मीपण तुमच्यासारखा तंगड्या पसरून बसणार."

"नवा आला की जुना जातो, बाळा," मी म्हणालो.

हसत म्हणालो खरा, पण बाकावर सगळ्यात जुना मीच होतो. माझी बायको शेल्बी हिच्याशी ठरलं होतं: या हंगामात वरून, मोठ्या लीगमधून, बोलावणं आलं नाही, तर सासऱ्यांचं टायरचं दुकान. सासरे देवमाणूस, पण टायरवर बोलायला लागले की जेवण गार होतं.

ऑगस्टमध्ये नवा आला. लांब मानेचा, कोवळा पोरगा, पण चेंडू असा फेकायचा की पकडणारा हात झटकत बसायचा. टोबिननं वाजतगाजत दप्तर त्याच्या खांद्यावर चढवलं. तेवढ्यात आमचे मॅनेजर हॅस्किन्स दारात आले.

"क्लेट, आत ये. दार लावून घे."

दार लावून घे म्हणजे नारळ, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी आत गेलो, दार लावलं.

"काय म्हणतंय टायरचं दुकान?" हॅस्किन्सनी विचारलं.

"बरं चाललंय, साहेब."

"मग सासऱ्यांना कळव, जावई इतक्यात येत नाहीत. वरचा एक पिचर जायबंदी झालाय. सकाळच्या विमानानं जा."

"थट्टा करू नका, साहेब."

"इतकी वर्षं तू सगळ्यांची केलीस, मला एकदा तरी करू दे की. आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड."

वरच्या बाकावर सगळे माझ्याहून लहान. त्यातल्या एका दाढीवाल्यानं अदबीनं हात मिळवला आणि पाठीमागून दप्तर काढलं. गुलाबी, शिंगवाला घोडा, वर चमकी.

"काका, लाज वाटते हो, पण नियम म्हणजे नियम."

"आण इकडे," मी म्हणालो.

पट्टे काखेत रुतत होते. हजारो माणसं खिदळत होती आणि मी मैदानाच्या मधून डोळे पुसत चाललो होतो. तसा आनंद मला पुन्हा झालेला नाही.

सप्टेंबर लागला. त्या महिन्यात वर जास्तीची माणसं घेतात, कुणाला जावं लागत नाही. पहिल्याच दिवशी दारात कोण, तर टोबिन! त्यानं माझ्या पाठीकडे पाहिलं, पोटभर हसला आणि मग सुस्कारा टाकून हात पुढे केला.

"द्या, आजोबा. पुन्हा मीच नवा."

मी पट्टे घट्ट धरले.

"आजचा दिवस राहू दे रे, टोब्या."