मुक्याचा उजवा हात

किशनराव पाटील सकाळी सकाळी रेवणप्पा वाण्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून दात कोरत होते. आत ज्वारी निवडणाऱ्या मल्लम्माला दारातूनही त्यांच्या तोंडाचा वास येत होता. रात्रीच्या मटणाचा. तिच्या बापाच्या, रेवणप्पाच्या घरात तीन पिढ्यांत कुणी मांस शिवलं नव्हतं. तिने नाकाला पदर लावला आणि सूप जरा आत ओढलं.

ओट्याखाली धुळीत उमाजी धनगर बसला होता. आदल्या दिवशी रझाकार त्याच्या अर्ध्या मेंढ्या हाकून घेऊन गेले होते. त्याने मेंढ्यांचा वाडा ओढ्याच्या आडवळणाला, बाभळबनात लपवला होता. परक्या माणसाला तो सापडलाच नसता.

"पाटील," उमाजी म्हणाला, "वाडा कुठं हाय ते त्याइला सांगितलं कुनी?"

"मला कामून इचारतोस? वाऱ्यानं सांगितलं आसंल. मेंढरं वरडत्यात का न्हाईत?"

ओट्यावरचे चारदोन जण फिसकन हसले.

"आन राती तुमच्या चुलीवर काय शिजलं?"

"आरं येड्या, मोठ्या लोकाइनं मांडी धाडली तर माघारी धाडायची आसती का? उद्या माझं घर पेटवतील, मग तुझ्या मेंढरात येऊन ऱ्हाऊ का?"

पुन्हा हसू. हसणाऱ्यांपैकी दोघांच्या घरी त्या मांडीतला वाटा गेला होता.

म्हातारे बसवंतराव लिंगायत समाजातले वडील. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "उमाजी, रडू नकोस. येईल की आपला मुका."

वर्ष होत आलं, गावात हे नाव चाललं होतं. रझाकारांच्या नावावर कुणी बाईचा हात धरला, कुणाची कणगी फोडली, की आठपंधरा दिवसांत तो माणूस कुठल्यातरी वाटेवर मोडून पडलेला सापडायचा. मारणारा एकटा. तोंडाला दस्ती गुंडाळलेली. तोंडातून शब्द नाही, शिवीसुद्धा नाही. म्हणून मुका. आणि यायचा तो भर दुपारी. रात्री सगळा मुलूख जागा असायचा, गावोगाव पहारे बसायचे. दुपारी मात्र सगळे निवांत, त्यातून वैशाखात तर कुत्रंही सावली सोडत नसे. हे त्याने बरोबर हेरलं होतं.

"मुका काय तुमचा सालगडी हाय व्हय?" किशनराव म्हणाले, आणि मग दुकानात वळून, "का हो अप्पा? तुमी तर बोलूच नका. घंटा हालवा तुमी. मुंगी चिरडली तर दोन दिस जेवत न्हाई हा मानूस!"

रेवणप्पा गूळ तोलत होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बाराबंदी, आवाज असा की गिऱ्हाइकाला दोनदा विचारावं लागे. तो नुसता हसला. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत थांबला, मग गुळाचा खडा पुडीत बांधला आणि ओट्याखाली उतरून उमाजीच्या हातावर ठेवला.

"पानी पी आधी," एवढंच म्हणाला.

मल्लम्माने सूप खाली ठेवलं. बापाचा आवाज असा खाली गेला की त्याचा अर्थ तिला ठाऊक होता.

नवरा पटकीत गेल्यापासून ती माहेरी होती. आई, गंगम्मा, त्याआधीच गेली होती. दुकानात पुडीला आलेला छापील कागदही ती वाचून मगच फाडायची. मठातल्या पोथ्या तर तिच्या तोंडपाठ झाल्या होत्या. पण या घरात बोलायची चाल नव्हती. बापलेकीचं जे काही चालायचं ते ताटवाटीवर चालायचं.

दुपारी दुकानाची फळी लावून रेवणप्पा देवघरात बसला. चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून त्याने डाव्या तळहातावर घेतलं, बेलाचं पान वाहिलं, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. जन्मल्यावर गळ्यात पडलेलं हे लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. चुकून निसटलं तर परत गळ्यात येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. मल्लम्माच्या गळ्यातही तिचं लिंग होतं. तिने तो नेम कधी मोडला नव्हता.

रेवणप्पाने लिंग डबीत घातलं, डबीचा दोरा मानेवरून काढला, आणि डबी लेकीच्या ओंजळीत ठेवली.

पहिल्यांदा ठेवली तेव्हा ती काही समजलीच नव्हती. रात्री तो परतला, आंघोळ केली, डबी गळ्यात घातली, पाणी प्याला, आणि जेवायला बसून ताटाकडे बघत राहिला. उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला. घास उचलेना. शेवटी तिनेच भाकरी कुस्करून त्याला भरवली, लहान लेकराला भरवावी तशी. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायना कुंभारीण सांगत होती की पूर्णेच्या वाटेवर मुक्याने एकाचं मनगट मोडलं. मल्लम्माने घागर भरली आणि मुकाट्याने घरी आली.

तेव्हापासून डबी तिच्यापाशी असेपर्यंत तीही पाणी पीत नसे. तिला बंधन नव्हतं. पण घशाखाली उतरतच नसे.

एकदाच तो बोलला होता. माघातली गोष्ट. घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला होता, "देव डाव्या हातावर बसतो, मल्ले. मी उजव्यानं मारतो. मनाला सांगतो की याला त्याचं ठाव न्हाई. पर एकाच अंगाचे दोन्ही."

तिने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"पयल्यांदा मारलं तवा वकारी आली. वढ्यात जाऊन वकलो. परवा मारताना..." त्याने घास कसाबसा गिळला. "परवा हाताला बरं वाटलं. मानूस खाली पडला तरी हात थांबंना. त्याची किळस येती मला. त्या लोकाइची येती त्याच्यावून जास्ती."

"मग सोडा," असं तिच्या ओठावर आलं होतं. पण त्याच सकाळी ओट्यावर लोक मुक्याच्या नावाने मिटक्या मारत बसले होते. त्यांच्यातला एकही जण काठी घेऊन उठणार नव्हता हे तिला माहीत होतं, आणि त्यालाही. ती पुढचा घास कालवत राहिली.

आजही तसंच झालं. त्याने कोपऱ्यातली काठी घेतली, दस्ती खांद्यावर टाकली.

"उन्हं उतरायच्या आत येतो," म्हणाला.

"भाकरी झाकून ठेवते," ती म्हणाली.

बाहेर पांढरं ऊन पेटलं होतं. लिंबाखाली शेळीसुद्धा जीभ काढून पडली होती. परसदाराने तो गेला, आणि तापलेल्या काळ्या मातीच्या भेगांवरून त्याची सावली पायात गोळा होऊन चालत गेली.

उन्हं उतरली. दिवेलागणीला धूळ उडवत मेंढ्या गावात शिरल्या. जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्या. त्यांच्यामागे बैलगाडी, आत घोंगड्याखाली कुणीतरी आडवं, आणि गाडीपुढे उघड्या डोक्याचा उमाजी.

पारावर गाव जमलं. उमाजीला धाप लागली होती.

"मी मेंढराइच्या मागावर व्हतो. चिंचंखाली दोघं राखणीला व्हते. मुका आला, दोघाइला झोपवलं, मेंढरं सोडली. तिसरा झाडामागं व्हता, बंदूक घेऊन. त्यानं पोटात घातली. तरी त्यालाबी लोळवून चालत आला हो! वढ्यापतूर चालत आला. बाभळीखाली पडला तवा दस्ती सुटली. बगतो तर... आपले अप्पा."

कुणीतरी बाई किंचाळली. सगळ्यांच्या माना मल्लम्माकडे वळल्या. ती गाडीच्या चाकाला धरून उभी होती.

"जीव व्हता," उमाजी पुढे म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "व्हट उन्हानं फुटले व्हते. माझ्या पान्याच्या भोपळ्यातलं घोटभर व्हटाला लावलं. दात आवळून घेतले. पुन्हा लावलं, मान फिरवली. सकाळी मला म्हनले पानी पी, आन माझ्या हातचं... मी धनगर म्हून न्हाई पेले व्हय हो? मरताना बी?"

"येडा हाईस," बसवंतराव म्हणाले. "वीराचं असंच आसतं. देह सोडायचा म्हनल्यावर तहान कसली?"

सकाळ व्हायच्या आत ती गोष्ट गावभर झाली होती, आणि प्रत्येक घरात थोडी वाढली होती.

खड्डा शिवारात, समाजाच्या जागेत खणला. रझाकार यायच्या आत उरकायचं होतं. लिंगायतांत प्रेत जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग देतात, आणि मग माती. मठाचे जंगम स्वामी आले. देहाला आंघोळ घालताना त्यांचे हात गळ्यापाशी थबकले.

"लिंग कुठं हाय?"

कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात गर्दी सारत किशनराव आले. वारं फिरायलंय हे त्यांना नेहमी सगळ्यांच्या आधी कळायचं. हातात पांढऱ्या कण्हेरीचा हार, डोळ्यांत पाणी, छातीवर हात. "आमचा मुका! ह्याच्याच वट्यावर बसून म्हनलो व्हतो मी, ह्या मानसात काईतरी हाय!" त्यांनी हार घालायला हात पुढे केले, आणि मल्लम्माला कण्हेरीआडून तोच शिळा वास आला. तिच्या रिकाम्या पोटातून कडू पाणी वर चढलं. तिने ते गिळलं. कालपासून घशाखाली गेलेलं तेवढंच.

"लिंग हिसकलं आसंल त्याइनं!" किशनराव ओरडले. "दुसरं काय? देवासाठी जीव दिला अप्पानं! आजूबाजूच्या गावाइला कळू द्या!"

माणसांच्या तोंडावर तेज चढलं. सगळ्यांना ती गोष्ट आवडली.

स्वामी मल्लम्माजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "पोरी, हिसकलं आसंल तर दोष न्हाई. मी मठातलं दुसरं लिंग हातावर देतो, सगळं रीतीनं व्हईल. पर मानसानं आपल्या हातानं काढलं आसंल तर तो आपल्यातून उठला. त्याला ह्या जागेत बसवता येत न्हाई." ते थोडं थांबले. "काल घरातून निघाले तवा गळ्यात व्हतं ना? नुसती मान हालीव."

डबी तिच्या कमरेला, लुगड्याच्या केळ्यात, ओच्याच्या गाठीत होती. रात्रभर ती तिथं टोचत होती. मान हलवली की संपलं. बाप वीर होईल, जागा मिळेल, आणि तळहातावर कुठलातरी परका दगड येईल. ज्याच्यासमोर तो रोज स्वतःची लाज मांडून बसायचा, ते लिंग जन्मभर तिच्या फडताळात राहील. आणि उमाजी आपला हात विटाळाचा समजून मरेल.

तिने केळं सोडलं आणि डबी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"कुनी हिसकलं न्हाई. अप्पानं आपल्या हातानं काढून माझ्यापाशी दिलं. कालच न्हाई, दरवेळी."

मग बसवंतराव पेटले.

"सोताच्या हातानं? सोताच्या? मग झाकायचं काय ऱ्हायलं? उचला इथून!"

"उचला," मागून कुणी म्हणालं. रात्री ज्याने मुक्याच्या नावाने छाती बडवली होती, तोच.

"काका, थांबा." मल्लम्माचा आवाज बापासारखाच खाली गेला होता, पण ऐकू येत होता. "मारलेल्या मानसाचं रगात देवावर उडू नये म्हून काढत व्हते ते. तुमच्या कनग्यापाई मारायचे, तुमच्या लेकीसुनापाई मारायचे, आन घरी येऊन त्या हातानं जेवत नव्हते. किळस यायची त्याइला. मी भरवत व्हते. तुमी वट्यावर बसून मजा ऐकत व्हता."

"ते सगळं ठीक हाय, पर लिंग टाकलं त्यानं!"

"टाकलं? मग पानी कामून पेले न्हाईत?"

उमाजीने झटकन मान वर केली.

"पोटात गोळी, वैशाखाचं ऊन, व्हटाला पानी लागलेलं. लिंग टाकलेला मानूस गटागटा पेला आसता. उमाजी काका, तुमच्या हाताचा इटाळ न्हाई धरला अप्पानं. अंगावर लिंग नव्हतं म्हून दात आवळले. मरतानासुदिक नेम मोडला न्हाई. आता सांगा, कुनाला उचलायचं?"

उमाजी तोंडावर घोंगडं घेऊन हमसू लागला.

स्वामींनी एकदा त्या डबीकडे बघितलं. मग धोतर खोचून खड्ड्यात उतरले. "द्या रं अप्पाला खाली," म्हणाले. "आन पोरी, ते लिंग आन. त्याचंच."

किशनराव हार तसाच धरून उभे होते. "आवो स्वामी, पर लोकाइला सांगायचं काय?"

घोंगड्यातून उमाजी म्हणाला, "सांगा की पाटील, वाऱ्यानं सांगितलं म्हून."

कुणी हसलं नाही. किशनरावांनी हार बांधावर ठेवला आणि ते पाय आपटत निघून गेले. जाता जाता त्यांची वहाण त्या हारावर पडली.

रेवणप्पाला मांडी घालून बसवलं. स्वामींनी कपाळावर विभूती लावली. डाव्या तळहातावर लिंग ठेवून वर बेलाचं पान ठेवलं. उजवा हात ताठरून मांडीखाली वळला होता, जेवणाच्या ताटावर असायचा अगदी तसा. मल्लम्मा उमाजीकडे वळली. "काका, भोपळा द्या तुमचा." उमाजीने तो पुढे केला. ती खड्ड्यात उतरली, बापाचा उजवा हात मांडीखालून ओढून आपल्या हातात घेतला. नखांत काळी माती होती, आणि मातीत आणखी काही वाळलेलं. तिने तो पुसला नाही. भोपळा त्याच्या फुटलेल्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं, थोडं लिंगावर सांडलं. उरलेलं ती स्वतः प्याली.

वर माणसं मूठमूठ माती घेऊन थांबली होती. आयुष्यभर त्या घरात जे ताटवाटीवरच राहिलं, ते ती सगळ्यांसमोर म्हणाली:

"अप्पा, लिंग हाय बगा हातावर. आता पानी प्या. आन हा हात लपवू नका, मला ह्याची कदीच किळस आली न्हाई."