टॅनर हटोची ऑगस्टमधली घसरण

मी बेसबॉलपटूंचा एजंट आहे. लोक दलाल म्हणतात, तेही मला चालतं. अठ्ठावीस वर्षांत मी खेळाडूंना कोट्यवधी डॉलर मिळवून दिले आणि त्यातल्या एकाही डॉलरची मला लाज वाटलेली नाही. पण मला सगळ्यात जास्त अभिमान आहे तो मी हरलेल्या एका खटल्याचा.

ही गोष्ट पिचरच्या टोपीत बोलणारी यंत्रं यायच्या आधीची. तेव्हा पुढचा चेंडू कुठला टाकायचा, हे फलंदाजामागे उकिडवा बसलेला कॅचर मांडीआड बोटांनी खूण करून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सांगायचा.

माझा कॅचर टॅनर हटो. जॉर्जियातला, खांद्याने रुंद आणि तोंडाने कमी. पहिली तीन वर्षं लीगच्या किमान पगारावर खेळला आणि चौथ्या वर्षी एकदम अठ्ठावीस लाख डॉलरवर गेला. पाचव्या वर्षासाठी आम्ही पंचावन्न लाख मागितले, क्लब एक्केचाळीसवर अडून बसला. असं अडलं की फेब्रुवारीत फ्लोरिडाच्या एका हॉटेलात पगाराचा निवाडा करणाऱ्या तीन पंचांपुढे बसायचं. पंच दोनपैकी एकच आकडा निवडतात, मधला मार्ग नाही. आणि या रिवाजातला खरा छळ पुढेच आहे. ज्या क्लबसाठी पोरगा वर्षभर गुडघे झिजवतो, तोच क्लब त्याच्या तोंडावर तासभर सांगतो की हा कसा कुचकामी आहे. पोराने समोर टाय लावून बसून ऐकायचं.

क्लबच्या वकीलबाई हॅलोरन. आवाज मधाचा, जीभ वस्तऱ्याची.

"मिस्टर हटो गुणी आहेत, वादच नाही," त्या म्हणाल्या. "पण चौदा ऑगस्टपर्यंत त्यांची फलंदाजीची सरासरी हजारात दोनशे एक्क्याण्णव होती आणि नंतर एकशे सत्त्याऐंशी. दुखापतीची नोंद नाही. विश्रांतीही त्यांनी मागितली नाही. मग झालं काय? पहिली तीन वर्षं भूक होती. लाखांत पगार आला आणि भूक संपली. आता दुप्पट दिला तर काय होईल, याचा विचार पंचांनी करावा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॅनर मात्र टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला.

कारण चौदा ऑगस्टला काय झालं, ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

त्या दिवशी आठव्या डावात अर्ल बॉडीन चेंडू टाकत होता. अर्ल एक्केचाळीस वर्षांचा, लुइझियानाचा, खांदा कामातून गेलेला. टॅनरने वळणाऱ्या चेंडूची खूण केली. अर्लने चुकून सरळ, वेगाचा टाकला. चेंडू ग्लोव्हच्या कडेवर बसला आणि टॅनरचा डावा अंगठा मोडला. क्लब अर्लला काढायला निमित्तच शोधत होता. आणि मोठ्या लीगमधली त्याची दहा वर्षं भरायला सेहेचाळीस दिवस बाकी होते. दहा भरली की पूर्ण पेन्शन, मरेपर्यंत. त्याच्या चुकीने मुख्य कॅचर जायबंदी झाला हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा लॉकर रिकामा झाला असता.

टॅनरने कुणालाच कळू दिलं नाही, अर्ललाही नाही. दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून त्याने स्वतःच्या खर्चाने एक्स-रे काढला, अंगठ्याला पट्टी गुंडाळली आणि सेहेचाळीस दिवस खेळला. बॅट धरवत नव्हती, तरी धरली. अर्लची दहा वर्षं भरली आणि तो मानाने निवृत्त झाला. हे मला जानेवारीत कळलं, तेही खटल्याच्या तयारीत मी टॅनरला चार शिव्या घातल्या तेव्हा. त्याने सांगितलं आणि वर वचन घेतलं की कुठे बोलायचं नाही. मी दिलं खरं, पण एक्स-रे बॅगेत ठेवला. दलालाची जात!

आमच्या उत्तराआधी वीस मिनिटांची सुट्टी झाली. मी टॅनरला कॉफीच्या टेबलामागे गाठलं.

"बाई तुला कामचुकार म्हणतेय, ऐकलंस ना?"

"कान आहेत मला, लायल."

"मग मला बोलू दे. एक कागद दाखवतो आणि चौदा लाख डॉलर घरी नेतो. अर्लची पेन्शन पक्की झालीय. आता त्याचं कुणी वाकडं करू शकत नाही."

"पेन्शनचं काही होणार नाही. त्याचं होईल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हे उद्या सगळ्यांना कळेल. लुइझियानातसुद्धा. म्हातारा समजतो की शेवटचे सेहेचाळीस दिवस त्याने स्वतःच्या हिमतीवर काढले. तेवढं एकच तर घेऊन घरी गेलाय तो. ते काढून घेऊ त्याच्याकडून?"

"अरे, पण तुझ्या नावाला बट्टा लागतोय त्याचं काय? लोक म्हणतील, पोराला पैसा चढला!"

"म्हणू देत. मी खेळून पुसीन. त्याला आता खेळता येणार नाही."

मी माझ्या आयुष्यात इतकं मूर्ख, इतकं महागडं वाक्य ऐकलं नव्हतं. आणि सांगतो, छाती अशी भरून आली की कोटाचं बटण तुटेल असं वाटलं. मी स्वतः अकरा वर्षं छोट्या लीगमध्ये कॅचर होतो. वर कधी पोचलो नाही. का पोचलो नाही, त्यातलं थोडंसं त्या कॉफीच्या टेबलामागे मला कळलं.

आत जाऊन मी जमेल तेवढं भांडलो.

"पगार एप्रिलपासून चालू झाला," मी पंचांना म्हणालो, "आणि भूक मेली ऑगस्टच्या मध्यावर? इतकं सावकाश पोट कुणाचं भरतं, बाई?" एक पंच हसला.

"मग ऑगस्टमध्ये काय झालं, ते तुम्हीच सांगा ना," हॅलोरनबाई गोड आवाजात म्हणाल्या.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. टॅनरही. बॅग माझ्या पायाशी होती.

"खेळाडू आहे. कधी घसरतो," मी म्हणालो आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. एक्केचाळीस लाख. निकालाचं कारण पंच कधी देत नाहीत, तेव्हाही दिलं नाही. टॅनर म्हणाला, "बरंय, एक्केचाळीस लाखांत कुणी उपाशी मरत नाही." हंगामाआधीच्या वसंत शिबिरात पिचर-कॅचरनी हजर व्हायला अजून दोन दिवस होते, पण त्याला त्याच दिवशी जायचं होतं. गाडी तो चालवत होता. वाटेत फोन वाजला, त्याने स्पीकरवर घेतला.

"काय रे गब्बर! हरलास म्हणे!" अर्ल बॉडीनचा आवाज, मागे बोटीचं इंजिन. "क्लबमधून कळलं मला, ऑगस्टपासून तू नुसता झोपा काढत होतास असं बाई म्हणाली. आणि खोटं नाही हां! मी तिथेच होतो, बघत होतो. बॅट अशी धरायचास की जशी मेलेली मासळी!"

मी तोंड उघडलं. टॅनरने रस्त्यावरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खरंय, म्हाताऱ्या. पैसा चढला थोडा."

"चढणारच! तुम्हा पोरांना फार लवकर मिळतो. मला बघ. खांद्याच्या चिंध्या झाल्या होत्या, क्लब टपून बसला होता, तरी दहा वर्षं भरलीच की नाही? कुणाची मेहेरबानी घेतली?"

"कुणाचीच नाही."

"मग! आता तरी लाज राख. इथे गावात मी सगळ्यांना सांगतो, शेवटच्या वर्षी माझा कॅचर टॅनर हटो होता. मला मान खाली घालायला लावू नकोस."

"नाही लावणार."

त्याने फोन ठेवला. मग टॅनर हसला. पगार दुप्पट झाल्यावरही पोरं इतकं हसत नाहीत.

"ऐकलंस, लायल?" तो म्हणाला. "काय ताठ बोलत होता म्हातारा!"