बुडापेस्टहून तीन तास

"मॅडम अहिल्या, मला विमानात घेत नाहीत," फोनवर रादमिला म्हणाली. "म्हणतात, व्हिसा नाही."

अहिल्याबाईंनी मानेत दाबून धरलेला रिसीव्हर हातात घेतला. पावणेचार वाजले होते. नेवार्कहून साडेपाचला सुटणाऱ्या विमानासाठी हिने आता सामान देऊन आत जायचं, तर ही फोनवर कशी?

"कसला व्हिसा?"

"हंगेरीचा."

"पण तू हंगेरीत राहणार नाहीयेस. तुझं ट्रान्झिट आहे. सांग त्यांना."

"सांगितलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, बुडापेस्टला विमानतळाच्या बाहेर पडणार का? मी म्हटलं, पडणार. माझी गाडी, कोंबी, बाहेरच उभी असते. ती म्हणाली, मग हे ट्रान्झिट नाही."

रादमिलाचं इंग्रजी तुटकच होतं, पण त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. अहिल्याबाईंना सगळं समजलं, आणि आपण काय करून बसलो तेही.

आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर साड्यांच्या एका दुकानाच्या वर हे ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस होतं आणि तिथे तिकिटं काढायला अहिल्याबाईंना अकरा वर्षं झाली होती. जानेवारीत मुंबई, मे महिन्यात मुंबई, दिवाळीत मुंबई. आजीआजोबांसाठी व्हीलचेअर, जैनांसाठी वेगळं जेवण, बाळासाठी पाळण्याची सीट. कुठल्या गावात कुठल्या पासपोर्टवर किती तास थांबता येतं हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. मालक संजय गिऱ्हाइकांना सांगायचा, "मावशींना विचारा. कॉम्प्युटर चुकेल, मावशी नाही." कॉम्प्युटर बिचारा चुकला नव्हताच.

दहा दिवसांपूर्वी रादमिला समोरच्या खुर्चीत येऊन बसली होती. सर्बियात, सुबोतित्सा नावाच्या गावात, तिची आई आजारी होती. पोटात कॅन्सर, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले. रादमिलाने निळा पासपोर्ट टेबलावर ठेवला. त्यावर युगोस्लाव्हिया लिहिलेलं होतं.

"हा देश तर राहिला नाही ना आता?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"देश गेला. मग दुसऱ्या नावाने आला, तोही गेला. पासपोर्टला अजून कुणी कळवलेलं नाही," रादमिला म्हणाली. "२०१० पर्यंत चालतो."

मग तिने तिची नेहमीची वाट सांगितली. बेलग्रेडला उतरायचं नाही, ते लांब पडतं. बुडापेस्टला उतरायचं. तिथे कोंबी, म्हणजे आठ-दहा माणसांची व्हॅन, ठरवलेली असते. तीन तासांत दारात. २००२ साली ती अशीच गेली होती. त्यानंतर सहा वर्षं रजा आणि पैसे यांची एका वेळी गाठ पडली नव्हती.

अहिल्याबाई चिंचवडच्या. उभ्या आयुष्यात त्या जेव्हा जेव्हा माहेरी गेल्या तेव्हा मुंबईला उतरल्या, बाहेर पाटी घेऊन उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत अनोळखी माणसांबरोबर बसल्या, आणि तीन-साडेतीन तासांनी आईच्या दारात उतरल्या. रादमिलाची कोंबी त्यांना इतकी ओळखीची वाटली, की त्यांनी मनातल्या मनात बुडापेस्टचं मुंबई केलं आणि सुबोतित्साचं चिंचवड. मध्ये खंडाळ्याचा घाट येतो हे त्यांना माहीत होतं. मध्ये देशाची हद्द येईल हे डोक्यातच आलं नाही. सर्बियन लोकांना हंगेरीत सहज जाता यायचे ते दिवस २००३ सालीच संपले होते. अहिल्याबाईंनी ट्रान्झिटचा नियम तेवढा उघडून पाहिला: ग्रीन कार्ड आहे, विमानतळावर थांबायला व्हिसा नको. फाइलवर त्यांनी 'ओके' लिहिलं आणि खाली एक रेघही मारली. पट्टीच्या पोहणाऱ्याने गुडघाभर पाण्यात बुडावं, तसं हे झालं.

"तिथेच थांब, मी येते," म्हणून त्यांनी फोन ठेवला, तेव्हा संजय त्याच्या केबिनच्या दारात उभा होता.

"काय झालं, मावशी?"

त्यांनी सांगितलं. संजय पुण्यात आणि इथे सॉफ्टवेअरमध्ये होता. २००१ साली नोकरी गेली तेव्हा त्याने ही एजन्सी विकत घेतली होती. माणूस वाईट नव्हता. एकदा पोळलेला होता.

"इनव्हॉइसवर आपण क्लिअर छापलंय, व्हिसाची रिस्पॉन्सिबिलिटी पॅसेंजरची. तिने साइन केलंय ना?"

"केलंय."

"मग झालं तर. तुम्ही जा, तिला हेल्प करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त आपली मिस्टेक झाली असं बोलू नका, प्लीज. इथे लोक लगेच स्यू करतात. ऑफिस बंद करावं लागेल, यार."

"ती नाही करणार तसलं काही."

"मावशी, कोण काय करेल ते सांगता येतं का?"

रादमिलाचं मात्र अहिल्याबाईंना सांगता आलं असतं. दोन वर्षांपूर्वी अहिल्याबाईंची आई त्यांच्या घरी आठ महिने अंथरुणाला खिळून होती, आणि अहिल्याबाई ऑफिसात असताना तिच्यापाशी रादमिला असायची. एका संस्थेने पाठवलेली मदतनीस ती. आईला इंग्रजीचा गंध नाही, हिला मराठीचा नाही. पंधरा दिवसांत आईने तिचं राधा करून टाकलं आणि राधा 'पाणी', 'दुखतंय', 'बास' एवढ्यावर कारभार चालवू लागली. आई गेली त्या दुपारी अहिल्याबाई ऑफिसात कुणाचं तरी दुबईचं बुकिंग करत होत्या. घरी पोचल्या तेव्हा राधा आईचा हात धरून बसलेली होती. तो हात तिने अहिल्याबाईंच्या हातात दिला आणि मगच उठली. त्या एका गोष्टीसाठी अहिल्याबाई तिला जन्मभर मानणार होत्या. आणि आता तिच्याच आईच्या वेळी हे असं करून ठेवलं होतं.

नेवार्कला पोचेपर्यंत साडेचार झाले. रादमिला काउंटरपासून जरा बाजूला, सूटकेसवर बसली होती. पंचेचाळिशीची, हाडापेराने मजबूत, केस मागे घट्ट बांधलेले. अहिल्याबाईंना पाहून ती उठून उभी राहिली.

"तुम्हाला त्रास झाला," ती म्हणाली. "मीच विचारायला हवं होतं. आधी लागत नव्हता. मला वाटलं, आताही नसेल लागत."

ही आयती पळवाट होती. नुसतं 'हो ना' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पर्समध्ये संजयने दिलेली सहीच्या इनव्हॉइसची कॉपी होती. अकरा वर्षांच्या नावावर डाग पडला नसता. अहिल्याबाई फार थकल्या होत्या, आणि थकलेल्या माणसाला पळवाट फार जवळची दिसते.

"नाही, राधा," त्या म्हणाल्या. "विचारायचं काम माझं होतं. तू कोंबी म्हणालीस, तीन तास म्हणालीस, सगळं सांगितलंस. मी नीट बघितलं नाही. चूक माझी आहे."

रादमिलाने त्यांच्याकडे पाहिलं. 'असू दे' म्हणेल, असं अहिल्याबाईंना उगीचच वाटलं होतं. ती तसं म्हणाली नाही.

"आता काय?" तिने विचारलं.

आता काय, ते करायला दीड तास लागला. त्या रात्री बेलग्रेडला पोचवणारं एकही तिकीट नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने मनापासून शोधाशोध केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झुरिकमार्गे बेलग्रेडची एक जागा निघाली. झुरिकला दाराबाहेर पाय ठेवायचा नव्हता. अहिल्याबाईंनी ते तीनदा विचारून घेतलं आणि रादमिला काही बोलायच्या आत स्वतःचं कार्ड पुढे केलं. साडेपाचचं विमान तोवर निघून गेलं होतं. रादमिलाने खोलीचा महिना संपवून किल्ली परत दिली होती, म्हणून त्या तिला आपल्या घरी घेऊन आल्या.

सकाळी अहिल्याबाई ऑफिसला गेल्या नाहीत. आठ वाजता संजयचा फोन आला.

"तुम्ही तिला काही बोललात का, मावशी?"

"चूक माझी झाली, असं सांगितलं."

"ठीक आहे," संजय म्हणाला. "आज रजा घ्या. उद्या बघू काय करायचं ते." एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

सव्वादहाला रादमिलाचा मोबाईल वाजला. ती खिडकीपाशी जाऊन तिच्या भाषेत बोलली. बोलली म्हणजे चार शब्द बोलली, आणि बाकी ऐकत राहिली. अहिल्याबाई ओट्यापाशी होत्या. त्यांना त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं आणि न कळायचं काही उरलं नव्हतं.

"भाऊ होता," रादमिला फोन मिटवून म्हणाली. "आई गेली. तिथे चार वाजले होते." ती खुर्चीत बसली. "परवा दफन आहे. तोवर पोचेन मी."

अहिल्याबाई तिच्याजवळ गेल्या, पण खांद्यावर हात ठेवायचा धीर होईना.

"कालच्या विमानाने गेले असते तर एक वाजता घरी होते," रादमिला म्हणाली. ती अहिल्याबाईंकडे बघत नव्हती. "एक ते चार. तीन तास. भाऊ म्हणतो, ती शुद्धीवर होती."

"राधा, मी काय बोलू..."

"काही बोलू नका. काल तुम्ही खरं सांगितलं, ते बरं केलंत. पण आज मला तुमचा राग येतोय. थोडा वेळ येऊ द्या."

येऊ द्या म्हटल्यावर अहिल्याबाईंनी येऊ दिला. दुसरं होतं काय हातात? त्या आत गेल्या आणि सवयीने पिठल्याला फोडणी टाकली. माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारणीने पिठलंभात नेऊन द्यायचा, हे त्यांच्या रक्तात होतं. इथे दुःखाचं घर आणि शेजारणीचं घर एकच झालं होतं, तेवढा घोटाळा. कढईपाशी उभ्याउभ्या त्या पदर नसलेल्या कुडत्याच्या बाहीने डोळे पुसत राहिल्या. स्वतःच्या आईच्या वेळी रडल्या नव्हत्या एवढ्या रडल्या.

तासाभराने रादमिला स्वयंपाकघराच्या दारात आली. तोंड धुतलेलं, केस पुन्हा घट्ट बांधलेले. पिठल्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"गहू आहेत का तुमच्याकडे? पीठ नको. दाणे."

खिरीसाठी आणलेले गहू होते. अहिल्याबाईंनी डबा काढला.

"आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी गहू शिजवतात," रादमिला म्हणाली. "साखर घालायची, अक्रोड घालायचे. जो येईल त्याला एक चमचा. मी पोचेन तोवर शेजारणींनी सगळं केलेलं असेल. माझ्या हातचं काहीच नसेल."

"तू बस, मी शिजवते. आमच्यात ज्यांचं माणूस गेलं त्यांनी काही करायचं नसतं."

"आमच्यात लेकीने करायचं असतं."

अहिल्याबाई बाजूला झाल्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारख्या फ्रिजला टेकून उभ्या राहिल्या. कुकरचं झाकण कसं लावायचं तेवढं त्यांनी दाखवलं. रादमिलाने गहू तीन पाण्यांनी धुतले, निवडायला काही नव्हतं तरी निवडले. एकामागून एक शिट्ट्या झाल्या. कुकर निवल्यावर तिने दाणे कापडावर पसरून कोरडे केले, अक्रोड वाटून घातले, साखर घातली आणि हाताने कालवून एका बशीत त्याचा ढीग रचला. चमच्याच्या पाठीने तिने तो चहूबाजूंनी सारखा केला. घाई कुठेच नव्हती. आठ महिने ती अहिल्याबाईंच्या आईचं अंथरूण घालायची तेही असंच, एक सुरकुती राहू द्यायची नाही.

मग तिने चमचा भरला आणि अहिल्याबाईंसमोर धरला.

"आधी मी?" अहिल्याबाईंनी विचारलं. "मी कशी घेऊ? माझ्यामुळेच तर..."

"जो घरी येतो त्याला देतात. इथे तुमच्याशिवाय कोण आहे?" रादमिला म्हणाली. "उभ्यानेच घ्यायचं. आणि तिचं नाव घ्यायचं."

अहिल्याबाईंनी चमचा घेतला आणि त्या तशाच थांबल्या. आठ महिने ही बाई त्यांच्या घरात वावरली होती. त्यांच्या आईचं नाव, गाव, तिची औषधं, तिची आवडती आमटी, सगळं हिला माहीत होतं. हिच्या आईचं नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तिकिटाला ते लागत नाही.

"काय नाव होतं त्यांचं?"

"देसांका."

"देसांका," अहिल्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी चमचा तोंडात घातला.

रादमिलाने दुसरा चमचा घेतला. ओट्याशी उभ्या राहून दोघी गहू चावत राहिल्या. विमानतळावर निघायला अजून दोन तास होते.