अर्हत झालेला कवळीवाला

मी अर्हत झालोय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. धम्माच्या एका पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं: ज्याची हाव संपली, राग संपला, मी-माझं गळून पडलं आणि ज्याला करायचं असं काही उरलं नाही, तो अर्हत. मी एकेक ताडून पाहिलं. भूक लागली तर खातो, नाही तर नाही. शेजारी वेळीअवेळी भिंतीला खिळे ठोकतो, मला राग येत नाही. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "दगड आहात भावोजी," मेहुणी म्हणाली होती. तिला काय डोंबल कळतंय!

मी कवळ्या बनवतो. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत दिवसभर मी आणि प्लास्टरचे साचे. गावभरचे जबडे ओळखतो, माणसं नाही.

अडचण एकच होती. आपण अर्हत झालो, हे सांगायचं कुणाला? त्यामुळे विहारातले म्हातारे भन्ते कवळी टोचते म्हणून आले, तेव्हा मी त्यांना सोडलंच नाही. स्टुलावर बसवलं आणि कवळीची कड मशीनवर घासता घासता सगळं सांगून टाकलं. आता पाठ थोपटतील, असं वाटलं होतं.

"बायकोचं नाव काय होतं?" बोळक्या तोंडानं त्यांनी विचारलं.

हा काय प्रश्न झाला? मी मशीन बंद केलं. तोंड उघडलं, पण नाव येईना. विसरलो नव्हतो. दोन वर्षांत ते एकदाही उच्चारलं नव्हतं, इतकंच. रिकाम्या घरात हाक मारणार कुणाला? शेवटी कसंबसं बाहेर पडलं आणि त्यामागून जे रडू फुटलं, ते आवरेचना. समोर भन्ते, हातात त्यांची कवळी आणि मी लहान पोरासारखा हुंदके देतोय.

"म्हणजे मी अर्हत नाही?" नाक पुसत मी विचारलं.

"अर्हताला दुसऱ्याचं दुखणं चटकन दिसतं. तुला तर तुझंही दिसलं नाही. एकटा पडलायस रे बाबा तू."

मी कवळी धुऊन दिली. त्यांनी बसवून पाहिली, टोचत नाही म्हणाले. पण उठले मात्र नाहीत.

"कशी होती ती? सांग."