बारक्याचा अंदाज

दादाने चिकटपट्टीवर ब्लेड टेकवलं आणि खोका परत स्वतःकडे ओढून घेतला.

"आधी अंदाज. त्याशिवाय कापणार नाही."

"फुटबॉल," बारक्या म्हणाला.

"परत फुटबॉल? अरे, जरा डोकं चालव."

"वजनावरून कळतं दादा. फुटबॉलच आहे. तू काप ना पटकन!"

बारक्या म्हणजे दादाच्या पाठचा भाऊ. फ्रिज दुरुस्त करायचा, चांगला चाळिशी ओलांडलेला बाप्या. पण आज ठरल्या वेळेच्या कितीतरी आधीच येऊन थडकला होता आणि आल्यापासून एका जागी टेकला म्हणून नव्हता. शर्टाची बटणंसुद्धा वरखाली लागली होती.

खोका दर महिन्याला यायचा. आत जुन्या व्हिडिओ गेमची एक कॅसेट, सोबत काहीबाही स्टिकर. काय निघणार ते फोडेपर्यंत कळायचं नाही, हीच त्यातली गंमत. त्या महिन्यात सगळ्या वर्गणीदारांना एकच कॅसेट जायची. "म्हणजे घरोघरी एकसारखाच कचरा," असं वहिनी म्हणायची. ती दवाखान्याच्या भांडारात कामाला होती. न वापरता पडून राहिलेली वस्तू दिसली की तिचं डोकं उठायचं. आणि तिचं काही चुकत नव्हतं. वर्षभरात तीनदा फुटबॉल निघाला होता, एकदा मासेमारी, एकदा तर चक्क बेरीज-वजाबाकी शिकवणारी कॅसेट!

भावांचा नियम असा की अंदाज बारक्याने सांगायचा. बरोबर आला तर चहा दादाने करायचा, चुकला तर बारक्याने. आजवर दादावर चहाची पाळी काही आली नव्हती. बारक्या फुटबॉल म्हणाला की मासेमारी निघायची, आणि फुटबॉल निघाला की याने त्या दिवशी नेमकी मोटारींची शर्यत सांगितलेली असायची. काय फुटकं नशीब आहे रे तुझं, म्हणून दादा पोट धरून हसायचा.

आज मात्र दादाला हसू सुचत नव्हतं. वर्गणी या खोक्यानिशी संपत होती. वहिनीने निक्षून सांगितलं होतं, "यात खेळण्यासारखं काही निघालं तर पुढचं वर्ष चालू. नाहीतर बंद म्हणजे बंद."

वडील गेल्यावर घर विकण्यावरून दोघा भावांमध्ये नको ते बोलणं झालं होतं आणि पुढे दोन वर्षं अबोला. मग दादाने हौसेने पहिला खोका मागवला, तेव्हा वहिनीनेच बारक्याला फोन केला. "तुझा भाऊ खेळणी मांडून बसलाय, बघायला ये." तो आला. पुढच्या महिन्यात न बोलावता आला. घराचा विषय दोघांनीही काढला नाही. एरवी एकमेकांना फोन नाही की निरोप नाही. खोका आला की दादा त्याचा फोटो पाठवायचा आणि बारक्या हजर. खोकाच बंद झाला तर त्याने यायचं कशाच्या निमित्ताने, आणि आपण बोलवायचं कोणत्या तोंडाने?

ब्लेड फिरलं. दादाने आत हात घातला, कॅसेट वर काढली आणि चष्म्याजवळ नेऊन धरली.

"काय आहे? अरे, दाखव तरी!"

"तराफा," दादा म्हणाला. मग ओरडलाच. "बारक्या, तराफा! आपला तराफा!"

लहानपणी दोघे कोपऱ्यावरच्या दुकानातून दर रविवारी ही कॅसेट भाड्याने आणायचे. नदी, तराफा आणि दोन नावाडी. डावं वल्हं एकाचं, उजवं दुसऱ्याचं. शेवटचा धबधबा यायला आणि दुकान बंद व्हायची वेळ व्हायला नेहमी एकच गाठ पडायची. तो धबधबा काही पार झाला नव्हता. दोघांनी एकमेकांचे खांदे धरून अशा उड्या मारल्या की वहिनी आतून धावत आली.

"खालच्या मजल्यावर माणसं राहतात, म्हटलं!"

"हरलास बरं का बारक्या! चहा!"

"करतो की! दहा वेळा करतो!" असं म्हणत बारक्या स्वयंपाकघरात पळाला.

दादाने कॅसेट लावली. पडदा काळाच. काढून फुंकर मारली, परत लावली. काळाच. खाली जोरात फुंकलं, बाहीला घासलं, देवाचं नाव घेतलं. छे! मग त्याने खिशातला पेचकस काढला. दादा चष्म्याच्या दुकानात कारागीर होता आणि तो बारीक पेचकस त्याच्या खिशात कायम असायचा. चित्राच्या कडेचा स्क्रू त्याने नेट लावून फिरवला, पेचकस सटकला आणि चित्रातल्या नावाड्याच्या तोंडावरून सर्रकन पांढरा ओरखडा गेला.

"झालं समाधान?" वहिनी म्हणाली. "आता तर ते परतही घ्यायचे नाहीत."

बारक्या चहाचे कप घेऊन आला तेव्हा दादा कॅसेट पालथी मांडीवर धरून बसला होता.

"मेली आहे रे. चालत नाही."

बारक्याने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. कप खाली ठेवले.

"दे इकडे. गाडीत स्प्रे आहे, कनेक्शन साफ करतो. इथे मारला तर वासाने वहिनी घर डोक्यावर घेईल." आणि एका पायात दादाची चप्पल, एका पायात स्वतःची, असा तो जिना उतरलासुद्धा.

धापा टाकत वर आला. "लाव."

पडद्यावर निळं पाणी पसरलं आणि ती तुटक टुणटुण धून वाजली. दादाला हसू आवरेना. चहा जागच्या जागी गार झाला.

"डावं मार! डावं!"

"तू उजवं सोड की आधी! खडक आला, खडक!"

"आता दोघं मिळून. थांब... थांब... मार!"

तराफा कड्यावरून सुटला, हवेत तरंगला, धपकन खाली पडला आणि बुडाला नाही. पलीकडे नुसता एक हिरवा काठ होता आणि त्यावर शेकोटी. बस्, एवढंच. दोघेही घसा बसेपर्यंत ओरडले. वहिनीनेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"परत चहा टाकतो," म्हणून बारक्या शीळ घालत आत गेला.

दादाने कॅसेट काढली, पुसायला म्हणून उलटी केली आणि थबकला. नावाड्याचं तोंड स्वच्छ होतं. त्याने अंगठा फिरवून पाहिला. कॅसेट दिव्याखाली तिरकी धरली, काचेवरचा चरा शोधताना धरायचा तशी. स्प्रेने मळ जातो. ओरखडा कसा जाईल?

ही त्याच्या खोक्यातली कॅसेट नव्हतीच. ही बारक्याच्या खोक्यातली होती. म्हणजे बारक्याकडेही खोका येत होता. बारक्या तो फोडूनच इथे यायचा. आजचा, आणि कोण जाणे कधीपासूनचे. आणि तीन वेळा फुटबॉल निघाला, त्या तिन्ही वेळा याने नेमकी मोटारींची शर्यत सांगितली होती!

दादाचे डोळे भरून आले. त्याने चष्मा काढून उगाच पुसला.

"मग? चालू ठेवायचं की बंद?" वहिनीने कॅसेट बघायला हात पुढे केला.

दादाने ती झटकन डब्यात पालथी ठेवली. "चालू," तो म्हणाला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "बारक्या, पुढच्या महिन्यापासून अंदाज मी सांगणार!"

"का रे? काय सांगणार?"

"फुटबॉल."

आतली शीळ थांबली.

"आणि शर्यत निघाली तर?" बारक्याने विचारलं.

"तर चहा मी करीन."

"बरं," आतून आवाज आला. "पण साखर मी घालणार. तुला अंदाज नाही."