पडद्यामागचा टक्

ताईंच्या तपासणी केंद्रात महागड्या अ‍ॅम्प्लिफायरची रांग दारापर्यंत, आणि मोजायची खोली मात्र एकच. म्हणून ताईंनी रीत घातली होती: यंत्र पडद्यामागे ठेवायचं, ताई आणि भागीदार भिंगकाका यांनी ऐकायचं. दोघांना आवडलं, न मोजता परत. दोघांना नावडलं, तरी परत. ते कळायला मीटर कशाला हवा? भांडण झालं, तरच मोजायचं आणि अहवाल द्यायचा.

या खेपेला ताईंच्या धाकट्या भावाने घरी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर आणला. नोकरी सोडून तो यावरच बसला होता, आणि दुकानदार म्हणत होते, तपासणीचा अहवाल आणा, मग बोला.

"ताई, तू जरा..."

"मी जरासुद्धा नाही. रांगेत ठेव आणि जिन्यात बस."

रखवालदाराने मनाला येईल तसा क्रम लावला. मखमली पेटीतून आलेला दोघांनाही आवडला, परत. पुढचा दोघांनाही रटाळ वाटला, परत. त्यापुढचा सुरू होताना बारीक 'टक्' झालं आणि ताईंनी कान टवकारले. लहानपणी भावाने जोडलेला प्रत्येक रेडिओ असाच टक् करून लागायचा.

गाणं सुरेख वाजलं. म्हणूनच ताई धास्तावल्या. लोक म्हणणार, आपला तो बाब्या! त्यांनी तोंड वाकडं केलं. "खालचे सूर फुगलेत. नको."

भिंगकाका उसळले. "कान तपासून घ्या, बाई! गायिका मांडीला मांडी लावून बसली होती!"

झालं, भांडण झालं! भावाला हाकलायला गेलेल्या ताईंनी स्वतःच्याच रीतीने त्याला आत घेतलं होतं. त्यांना राहवेना.

"काका, हा माझ्या भावाचा. टक् ऐकून ओळखला, मुद्दाम नावं ठेवली."

"आणि खरं मत?"

"आवडला."

"मग एकमत झालं की! पाठवा परत."

ताईंचा चेहरा पडला. मग त्या हळूच म्हणाल्या, "पण खालचे सूर जरासे फुगलेतच हं. अगदी खरं."

"काडीचेही नाहीत!"

"आहेत!"

"नाहीत! लावा पैज!"

ताई जिन्यात आल्या. "काका मोजणार. मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. निघेल तेच अहवालात येईल."

"वाईट निघालं तर?"

"तर दुरुस्त कर आणि पुन्हा रांगेत ये."

"येईन की," भाऊ म्हणाला आणि सरकून त्याने पायरीवर बहिणीला जागा केली.

आत बारीक 'टक्' झालं. दोघांनी एकदमच मान वर केली.