पांढरी बट, निळे डोळे

कान तपासणाऱ्या बाईंनी धाकटीच्या बाळाला दुसऱ्यांदा यंत्र लावलं आणि दुसऱ्यांदा मान हलवली. दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नव्हतं.

मग रक्ताची तपासणी झाली. अहवाल आला तेव्हा धाकटी बाळाला, आईला आणि ताईला घेऊन जनुकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. धाकटीचं स्वतःचं पार्लर होतं. कपाळावरची जन्मजात पांढरी बट म्हणजे तिची जाहिरातच. "हा रंग कुठला?" असं गिऱ्हाइकं विचारायची. "हा विकत मिळत नाही हो!" ती हसून सांगायची. आज डॉक्टरीणबाई त्याच बटेकडे टक लावून पाहत होत्या.

"ही बट आणि बाळाचं न ऐकणं, दोन्हींचं मूळ एकच आहे."

धाकटीच्या पायाखालची जमीनच सरकली. "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमची काही चूक नाही. रंगाच्या पेशींना कामाला लावणारं एक प्रथिन असतं. ते एकेकटं चालत नाही. दोन प्रथिनं एकमेकांना बिलगतात, मग डीएनएला दोन बाजूंनी धरतात, तेव्हा कुठे पुढची जनुकं जागी होतात. तुमच्यातली निम्मी प्रथिनं बिघडलेली आहेत. बिघडलेलं चांगल्याला बिलगतं खरं, पण त्या जोडीची डीएनएवर पकडच बसत नाही."

"कात्रीसारखं," धाकटी पुटपुटली. "एक पातं गेलं की दुसऱ्याला कितीही धार असू दे, केस नुसते दुमडतात."

"अगदी तसंच. आणि त्याच पेशी आतल्या कानालाही लागतात."

"पण मला तर चांगलं ऐकू येतं!"

"एकाच घरात कुणाच्या केसांवर जातं, कुणाच्या डोळ्यांवर, कुणाच्या कानावर." बोलता बोलता त्या थबकल्या. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे डोळे फिकट निळे होते. "तुमचे कान कधी तपासलेत का हो?"

ताईने मानही वळवली नाही.

"ही अशीच," आई वैतागून म्हणाली. "लहानपणापासून बोलावं तर ढिम्म. डोळे बाबांचे घेतलेत आणि गुर्मी कुणाची, देव जाणे."

डॉक्टरीणबाई उठल्या, टेबलाला वळसा घालून ताईच्या उजव्या बाजूला गेल्या आणि तोच प्रश्न तितक्याच हळू विचारला.

ताई दचकली. "मला म्हणालात? नाही, कधीच नाही."



तपासणी तिथेच, शेजारच्या खोलीत झाली. ताईचा डावा कान जन्मापासून बंद होता.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "हाक मारली की यायची नाही, म्हणून मी हिला कितीदा मारलं गं," ती धाकटीला म्हणाली. ताईकडे बघायचा तिला धीरच होईना. "जेवायला नाही दिलं एकदा."

ताई स्वतःच चक्रावली होती. तिने डाव्या कानाची पाळी चाचपली. "मला वाटायचं, सगळ्यांना एकाच कानाने ऐकू येतं," ती म्हणाली. "दुसरा आपला चष्मा अडकवायला."

धाकटीला हसू फुटलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं. आई मात्र हसली नाही. तिने बाळाला ताईच्या मांडीवर दिलं आणि तिच्या पायाशी फरशीवरच बसली. ताईने कितीदा "ऊठ गं" म्हटलं, पण ती उठेना.

पुढे शस्त्रक्रिया करून बाळाच्या कानांत यंत्रं बसवली. पहिला आवाज ऐकून ते भोकाड पसरून रडलं, तेव्हा घर पेढे मिळाल्यासारखं खूश झालं. आई अजूनही बोलता बोलता मध्येच उठते, ताईच्या उजवीकडे जाऊन बसते, आणि तोवर काय सांगायचं होतं तेच विसरते.